छोट्या हत्तीवर आपल्याच मालाची जाहिरात लावायची, तर परवानगी कोणाची?

भाकरीताई
नमस्कार मंडळी. आम्ही पाच जणी मिळून सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगा चटणी करतो. चार वर्षं दिराच्या मोटारसायकलला पिशव्या बांधून माल पोचवला. आता मागच्या महिन्यात जुना छोटा हत्ती टेम्पो घेतलाय. मागे पत्र्याचा बंद डबा आहे, रंग पांढरा. गाडीवर अजून कर्ज आहे.

मनात असं आहे की केबिनसकट सगळी गाडी चटणीच्या लाल रंगात गुंडाळायची आणि दोन्ही बाजूंना आमचं नाव, भाकरीचा मोठा फोटो आणि फोन नंबर टाकायचा. रेडियमच्या दुकानात विचारलं तर म्हणाले, "ताई, परवानगी कशाला, कोण विचारतंय?" दीर म्हणतात की महापालिकेची परवानगी लागते, नाहीतर दंड बसेल. त्यातच गल्लीतल्या एका क्लासवाल्यांनी विचारलं की मागच्या दारावर आमची जाहिरात लावा, दर महिन्याला पैसे देतो. हप्त्याला तेवढाच हातभार लागेल.

गाडी रस्त्यावर अडकली तर पाच घरांची चूल अडकते. म्हणून आधी विचारून घ्यावं म्हटलं. कुणी केलंय का हे?

सातरस्ताकर
आधी अभिनंदन ताई! मोटारसायकलवरून हत्तीवर आलात, साखर वाटा. नाही, चटणीच वाटा.

होटगीरोड
कोणी विचारत नाही ओ. अख्ख्या गावात दूधवाले, पाणीवाले, फरसाणवाले स्टिकर लावून फिरतात. लावा बिनधास्त.

जुना_कारकून
होटगीरोड, असा सल्ला देऊ नका. मी महापालिकेच्या नोकरीत (सोलापूर नव्हे, दुसऱ्या शहरात) अकरा वर्षं जाहिरात परवान्याच्या टेबलावर होतो. "कोणी विचारत नाही" म्हणत आलेली माणसं पुढे त्याच टेबलासमोर हातात नोटीस घेऊन उभी राहिलेली पाहिली आहेत.

ताई, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. ते सुटे करा, म्हणजे कोणाकडे जायचं ते कळेल.

पहिला, जाहिरातीचा. हे महापालिकेचं काम. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम २४४ मध्ये आकाशचिन्हं (इमारतीवर उंच लावलेले, मागे आकाश दिसेल असे फलक) येतात आणि २४५ मध्ये जाहिराती. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय जाहिरात लावायची नाही, हे २४५ चं मूळ. ते कलम लिहिताना डोळ्यांपुढे भिंती, इमारती, होर्डिंग होती. म्हणून त्यात एक सवलतही आहे: ज्या जागेत धंदा चालतो तिथेच त्या धंद्याची विनादिव्याची पाटी लावली, तर परवानगी लागत नाही. दुकानावर दुकानाचं नाव लिहिण्यासारखं. त्यानंतर जाहिरात फलकांचे नियम आले, सध्याचे २०२२ चे आहेत. फिरत्या वाहनांवरच्या जाहिरातीकडे महापालिका याच चौकटीतून पाहतात आणि परवाना शुल्क जाहिरातीच्या क्षेत्रफळावर लावतात.

दुसरा, गाडीच्या रंगाचा. हा आरटीओचा. महापालिकेचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

तिसरा, क्लासवाल्यांचा. तुमच्या गाडीवर तुमचं नाव ही तुमची ओळख झाली. दुसऱ्याचं नाव पैसे घेऊन लावलं की तुम्ही जाहिरातीची जागा भाड्याने देणारे झालात. माझ्या टेबलावर पहिला प्रश्न हाच असायचा: "नाव कोणाचं, गाडी कोणाची?" दोन्हींचं उत्तर एकच आलं की फाइल हलकी व्हायची.

होटगीरोड
पण काका, जीएसटी आल्यावर जाहिरात कर गेला ना? मग आता पैसे कसले मागतात?

जुना_कारकून
कर गेला, परवाना राहिला. १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली जाहिरात कराची नोंद काढली आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. तेव्हापासून महापालिका जाहिरात "कर" घेत नाही. पण परवानगी देण्याचा अधिकार आणि तिचं शुल्क हे अधिनियमातून येतं, ते कायम आहे. हा घोळ अनेकांचा होतो, तुमचा एकट्याचा नाही. दुकानदार पेपरातलं कात्रण घेऊन यायचे, त्यांना मी हेच समजावायचो.

रेडियमवाला
मी याच धंद्यात आहे, बाळीवेशीपासून एमआयडीसीपर्यंतच्या गाड्या करतो. माझ्या एखाद्या धंदेबंधूने "कोण विचारतंय" म्हटलं असेल तर वाईट वाटलं. गाडी अडवतात तेव्हा शिव्या गिऱ्हाईक खातं, आम्ही दुकानात बसलेलो असतो.

ताई, मालाबद्दल सांगतो, कारण परवानगी मिळूनही सहा महिन्यांत लाल रंग गुलाबी झाला तर काय उपयोग. व्हिनाइल, म्हणजे गाडीवर चिकटवायचा प्लास्टिकचा कागद, दोन जातींचं. कॅलेंडर केलेलं म्हणजे रुळांतून लाटून काढलेलं, जाड आणि स्वस्त. लाटताना ते ताणलेलं असतं, म्हणून उन्हात मूळ मापावर परत जायला बघतं. कास्ट म्हणजे ओतून केलेलं, साधारण ५० मायक्रॉन, पातळ. ते बसवू तसं बसतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. तुमच्या डब्याच्या पत्र्याला नळ्या-नळ्या असणार आणि रिबिटं असणार. स्वस्त माल त्या नळीच्या खोबणीत पट्टीने दाबून बसवला तर पहिल्या दिवशी झकास दिसतो. मेमध्ये तोच खोबणीतून सुटून ताणलेल्या पापडासारखा वर येतो, आत हवा भरते, मग कडा फाटते.

तेव्हा सपाट दारासाठी कॅलेंडर चालेल, नळीच्या पत्र्याला कास्टच घ्या. दोन्हींवर यूव्ही लॅमिनेशन (उन्हापासून रंग वाचवणारा पारदर्शक थर) मागा. आणि रिबिटाभोवती हीट गन मारून ब्रशने दाबतोय का ते उभं राहून बघा.

छोटाहत्ती_१३
माझं ऐका, मी भोगलंय. पाण्याच्या जारचा धंदा आहे. गाडी कागदावर पांढरी. हौसेने नखशिखांत निळी केली, बंपरसुद्धा सोडला नाही. तीन महिने काही झालं नाही. मग एका नाक्यावर साहेबांनी आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) मागितली, गाडीकडे बघितलं, परत आरसीकडे बघितलं. "ही गाडी कोणती?" चालान झालं. ते एकवेळ परवडलं. पण दोन महिन्यांनी पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, गेलो तर तिथेही तेच. रंग जुळत नाही, आधी नोंद करून या किंवा काढून या.

काढायला लावलं. हीट गनने स्वस्त व्हिनाइल सोलताना वरचा रंगीत थर हातात यायचा आणि डिंक पत्र्यावर राहायचा. मी आणि पोरगा दोघं दिवसभर रॉकेलच्या चिंध्यांनी घासत होतो. संध्याकाळी पोराच्या बोटांची कातडी निघाली होती. त्या दिवशी एक जारही पोचला नाही.

आता केबिन पांढरीच ठेवलीय. डब्याच्या दोन बाजूंना नाव, नंबर आणि थेंबाचं चित्र. त्यानंतर दोनदा पासिंग झालं, कोणी बोट ठेवलं नाही.

कोर्टकचेरी
छोटाहत्ती_१३ यांच्याबाबत जे झालं त्याचं मूळ मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२. आरसीवर जे नोंदलंय त्याच्याशी गाडी जुळली पाहिजे. रंग हाही नोंदलेला तपशील आहे. रंग बदलायला बंदी नाही, पण नोंद करून घ्यावी लागते, आणि केलेला बदल १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचा असतो. परिवहनच्या पोर्टलवर अल्टरेशन नावाची सेवा आहे. ताई, तुमच्या गाडीवर कर्ज आहे, म्हणजे आधी कर्ज देणाऱ्यांची लेखी संमती घ्या. विमा कंपनीलाही कळवा. अपघातानंतर पाहणी करणारा लाल गाडीचे फोटो काढतो आणि पॉलिसीत पांढरी लिहिलेली असते, तिथे दावा रेंगाळतो.

दंडाचं म्हणाल तर कलम १७७ ने पहिल्यांदा ५०० आणि पुढच्या वेळी १,५०० रुपये. पण गाडीत बेकायदा फेरफार धरला तर १८२अ लागू शकतं, त्यात प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड आहे.

हौशी लोकांसाठी एक: ऑलिव्ह ग्रीन रंग लावूच नका, तो संरक्षण दलांच्या वाहनांसाठी राखीव आहे.

पूर्वभाग
छोटा हत्तीला परमिट लागत नाही ना? मग आरटीओचा जाच कशाला?

कोर्टकचेरी
परमिट लागत नाही हे बरोबर. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाड्यांना कलम ६६ मधून सूट आहे आणि छोटा हत्ती भरूनही त्याच्या बराच खाली राहतो. पण पिवळी नंबर पाटी आहे म्हणजे ते परिवहन वाहनच. पासिंग लागतंच, पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. ताईंची गाडी जुनी आहे, म्हणजे बहुधा दरवर्षी. आणि परिवहन वाहनावर, विशेषतः रिक्षा-टॅक्सीवर, दुसऱ्याची जाहिरात लावायची तर परिवहन प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी लागते. क्लासवाल्यांची जाहिरात म्हणजे महापालिका आणि आरटीओ, दोन्ही दारं.

सायकलस्वार
मी थोडं वेगळं मत मांडतो. ताईंच्या गाडीला माझा विरोध नाही, त्यांचं नाव सगळ्या गावाला दिसू दे. पण पैसे घेऊन फिरणाऱ्या जाहिरात गाड्यांना परवानगी लागते हे मला योग्यच वाटतं, आणि ती कडक हवी. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आजूबाजूला बघा. चारी बाजूंनी फलक लावलेल्या गाड्या सकाळी येऊन उभ्या राहतात त्या रात्रीपर्यंत हलत नाहीत. त्या गाड्या नाहीतच, चाकं लावलेली होर्डिंग आहेत. होर्डिंगला जागा, माप, पाया, सगळ्याची तपासणी. मे २०२४ मध्ये घाटकोपरला होर्डिंग पडून १७ माणसं गेली, त्यानंतर ती आणखी वाढली. मग धंदा चाकांवर सरकतो. नव्या पेठेत आधीच चालायला जागा नाही, तिथे अशी एक गाडी उभी राहिली की म्हाताऱ्या माणसाने रस्त्याच्या मधूनच जायचं. माझ्या आईला अशाच एका गाडीला वळसा घालताना रिक्षाचा धक्का लागला. मनगट मोडलं.

जुना_कारकून
सायकलस्वार, आईंची तब्येत आता कशी आहे? तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. आमच्याकडेही अर्ज आला की विचारायचो, फिरणार की उभी राहणार? उभी राहणार असेल तर प्रश्न जागेचा, वाहतूक पोलिसांच्या ना-हरकतीचा. ताई, तुम्हीही हे लक्षात ठेवा. माल उतरवायला थांबलात ते वेगळं, आणि रविवारी गर्दीत दिसावी म्हणून गाडी लावून ठेवलीत ते वेगळं.

सायकलस्वार
बरी आहे आता. पीठ मळते, भाकरी मात्र अजून थापता येत नाही. विचारलंत, बरं वाटलं.

जुळे_सोलापूर
काचांचं कोणी बोललं नाही. आमच्या इथल्या एका व्हॅनवाल्याने मागच्या काचेवर जाळीदार फिल्म लावून क्लासची जाहिरात केली होती. बाहेरून मुलीचा हसरा फोटो, आतून म्हणे सगळं दिसतं. संध्याकाळी पावसात काही दिसत नव्हतं त्याला, मी त्या गाडीत बसलोय.

कोर्टकचेरी
चांगलं आठवलंत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे असं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ ला काचांवर वेगळी काळी फिल्म चिकटवायलाच मनाई केली. पुढे काचेसोबत बसणाऱ्या प्रमाणित फिल्मबाबत नियम बदलले, पण जाहिरात छापलेली जाळी त्या मापात बसणं अवघड. ताईंच्या डब्याला काच नाही, सुटल्या. केबिनच्या काचांना हात लावू नका.

रेडियमवाला
आणि परावर्तक पट्ट्या! मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. कितीतरी कारागीर त्यांच्यावरूनच व्हिनाइल ओढतात, कारण कापून बसवायला वेळ लागतो. रात्री हैदराबाद रोडवर मागून ट्रक येतो तेव्हा ती लाल पट्टीच तुम्हाला वाचवते. दिवे, नंबर प्लेट, डाव्या बाजूला लिहिलेली वजनं, सगळं उघडं राहिलं पाहिजे.

होटगीरोड
मी वर बिनधास्त लावा म्हटलं होतं ते मागे घेतो. माझी स्वतःची कार आहे, पांढऱ्या पाटीची. मला फोन आलाय की कंपनीचं स्टिकर लावून फिरा, महिन्याला बारा हजार देऊ. आधी नोंदणीचे अडीच हजार भरा म्हणतात. हे कसं आहे?

पूर्वभाग
भरू नका भरू नका! माझ्या मावसभावाने भरले. नंतर "स्टिकरचं कुरिअर अडकलंय, आणखी भरा" म्हणून अजून घेतले. स्टिकर आलं नाही, फोन बंद. खरा जाहिरातदार तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून आधी मागत नाही. ज्यांनी भरलेत त्यांनी ताबडतोब १९३० ला फोन लावा. जितक्या लवकर सांगाल तितकी रक्कम गोठवायची शक्यता जास्त.

सातरस्ताकर
होटगीरोडभाऊ वाचले. या धाग्याने एकाचे अडीच हजार वाचवले, आता ताईंची गाडी राहिली.

जुळे_सोलापूर
गाडीवर भोंगा लावणार का ताई? "भाकरी आली, चटणी आली"?

भाकरीताई
लावायचा विचार होता खरा. लेकीच्या आवाजात रेकॉर्डही केलंय.

कोर्टकचेरी
भोंग्याची परवानगी पोलिसांकडे. ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ बंदी. दवाखाने, शाळा, कोर्टं यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात तर नकोच. जाहिरातीच्या परवान्यात भोंगा येत नाही, तो अर्ज वेगळा करायचा.

पूर्वभाग
माझी एक विनंती. आमच्या पूर्व भागात घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोट रोडला कन्नड. मराठी सगळ्यांना येतं, मोठं नाव मराठीतच हवं. पण खाली एक ओळ तेलुगूत लिहिलीत तर आमच्या आज्या गाडी थांबवतील. माझ्या आजीला विडीच्या कारखान्यातून येताना देवनागरी पाटी वाचायला त्रास व्हायचा, पण दुकानावर तेलुगू अक्षर दिसलं की ती आत शिरायची.

भाकरीताई
किती छान सुचवलंत. आमच्या पाचांतल्या एकीचं माहेर पद्मशाली आहे, तीच लिहून देईल. डिझाइनमधल्या मजकुराचंही विचारते: "शुद्ध लाकडी घाण्याच्या तेलातली चटणी. ज्वारीची भाकरी, मधुमेहावर रामबाण." चालेल ना?

जुना_कारकून
पहिलं वाक्य खरं असेल तर ठेवा. दुसरं आजच्या आज काढा. मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे, त्या यादीत मधुमेहाचं नाव आहे. शिवाय खाद्यपदार्थांच्या दाव्यांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे नियम आहेत. आमच्याकडे मजकुराचा नमुना अर्जासोबत जोडावा लागे, अशा ओळीवर फाइल थांबायची. ज्वारीची भाकरी ज्वारीची आहे, एवढं सोलापूरकराला पुरतं. तुमचा अन्न परवाना क्रमांक मात्र ठळक टाका.

छोटाहत्ती_१३
निवडणूक लागली की तुमच्या गाडीला मागणी येईल बघा ताई. प्रचार रथासाठी. त्याची परवानगी निवडणूक अधिकाऱ्याकडून घेतात आणि मूळ प्रत पुढच्या काचेवर लावावी लागते. मी एकदा दिली होती. गाडी परत आली तेव्हा माझा थेंब खरवडलेला होता. तेव्हापासून देत नाही.

भाकरीताई
(दहा दिवसांनी)
मंडळी, सगळं करून आले, म्हणून लिहिते.

महापालिकेत साधा अर्ज दिला. सोबत आरसीची प्रत, गाडीचे चारी बाजूंचे फोटो, डिझाइनचा रंगीत कागद आणि मापं. डब्याची बाजू सात फूट बाय पाच, म्हणजे दोन्ही मिळून सत्तर चौरस फूट, साडेसहा चौरस मीटर. जुना_कारकून काकांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्याच ओळीत लिहिलं: "गाडी आमची, माल आमचा, दुसऱ्या कोणाचीही जाहिरात नाही." टेबलावरच्या बाईंनी तीच ओळ वाचून मान हलवली आणि आवक शिक्का मारून दिला. शुल्क लागतं की नाही ते लेखी कळवा अशी विनंतीही अर्जातच केली. ते उत्तर हातात आल्याशिवाय स्टिकर चिकटवायचं नाही असं पाचही जणींनी ठरवलं.

क्लासवाल्यांना नाही म्हणून सांगितलं. जीव थोडा हळहळला, हप्ता समोर दिसत होता. पण दोन दारं झिजवायची आणि वर पाच घरांना घोर, ते नको वाटलं.

रंगाचंही ठरलं. केबिन पांढरीच राहणार. लाल फक्त डब्याच्या दोन बाजूंवर, तेही कडेला पांढरी चौकट सोडून, म्हणजे गाडी पांढरी आहे हे लांबूनही कळेल. कर्ज देणाऱ्यांना पत्र दिलं, त्यांनी पोच दिली. भोंगा राहू दिला. लेकीला वाईट वाटलं, म्हणून तिचा आवाज मी माझ्या फोनची रिंगटोन केलाय.

रेडियमवाला
ताई, लेखी उत्तर आलं की सांगा. पट्ट्यांभोवती मी स्वतः ब्लेड धरून कापतो. सकाळी सातला गाडी आणा, पत्रा थंड असताना. उन्हात तापलेल्या पत्र्यावर व्हिनाइल टेकताच धरतं, उचलून नीट बसवताच येत नाही.

भाकरीताई
आणते. आदल्या दिवशी गाडी धुऊन ठेवू का?

रेडियमवाला
धुवा, पण डबा साध्या साबणाने. पॉलिश लावू नका, डिंक धरत नाही. आणि रिबिटांभोवती तेलाचं बोट लागलं असेल तर तेवढं स्पिरिटने पुसून घ्या.

पूर्वभाग
तेलुगू ओळ चिकटवण्याआधी मला फोटो पाठवा ताई. एक काना इकडेतिकडे झाला तरी अर्थ बदलतो. आजीला दाखवूनच पक्कं सांगतो.